विमान न उडवता जमिनीवर चालवायचं असेल तर: टॅक्सीचे नियम, अधिकार आणि खाचाखोचा

फोंडेकर

नमस्कार मंडळी. प्रश्न नेमका आहे. उड्डाण करायचं नाही, फक्त हँगरमधून रन-अपच्या (इंजिन चालवून तपासायच्या) जागी किंवा एका बे (विमान उभं करायची जागा) वरून दुसऱ्या बे वर विमान त्याच्याच इंजिनावर न्यायचं, म्हणजे टॅक्सी करायचं आहे. अशा वेळी डाव्या सीटवर पायलटच लागतो का, की लायसन्सवाला इंजिनिअर चालतो? गोव्यात दाबोळी विमानतळावर ग्राउंडवर काम करणाऱ्यांकडून दोन्ही मतं ऐकायला मिळतात. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), रेडिओ, लॉगबुक यांचं काय? आणि प्रत्यक्ष चालवताना काय सांभाळायचं? एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर) च्या अभ्यासासाठी हवंय, तेव्हा जेवढा तपशील द्याल तेवढा थोडा.

चॉकवाला

पायलटच हवा असं नाही. पण एएमई लायसन्स खिशात आहे म्हणून थ्रॉटल पुढे ढकलता येतो, असंही नाही. ही दोन्ही मतं अर्धवट ऐकलेली आहेत.

मूळ नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स ६ मध्ये आहे. कंट्रोलवर बसणाऱ्या माणसाने चार अटी पुऱ्या केल्याशिवाय विमान मूव्हमेंट एरियात टॅक्सी करायचं नाही. ऑपरेटरने किंवा त्याच्या एजंटने त्याला रीतसर अधिकार दिलेला हवा. ते विमान टॅक्सी करण्यात तो पूर्ण सक्षम हवा. रेडिओवर बोलायची गरज असेल तर त्यासाठी पात्र हवा. आणि त्या विमानतळाची मांडणी, मार्ग, पाट्या, खुणा, दिवे, एटीसीचे सिग्नल, ठरावीक भाषा हे सगळं त्याला जाणकार माणसाने शिकवलेलं हवं. चारही एकाच वेळी. तीन आहेत आणि चौथी उद्या होईल, हे चालत नाही.

यात 'पायलट लायसन्स' हा शब्द कुठेच नाही, म्हणून इंजिनिअर चालतो. पण अधिकार कंपनी देते, तो लेखी असतो आणि त्या विमानाच्या टाइपपुरता असतो. ए३२० चा रन-अप आणि टॅक्सी अधिकार असलेला माणूस एटीआरच्या सीटवर बसला तर तो त्या घडीला अनधिकृतच. रन-अपचा अधिकार आणि टॅक्सीचा अधिकार हेही दोन वेगळे आहेत. बे वर आयडलला (कमीत कमी पॉवरवर) इंजिन चालवायची परवानगी असलेल्या सगळ्यांना विमान हलवायची परवानगी नसते. परीक्षेत तोंडीला हमखास विचारतात.

शंकासुर

म्हणजे ज्याने आयुष्यात विमान उडवलेलं नाही तो सत्तर टनांचं धूड चालवणार? हे फक्त आपल्याकडेच की सगळीकडे?

चॉकवाला

सगळीकडे. युरोपच्या नियमांतही पायलट किंवा ऑपरेटरने नेमलेला प्रशिक्षित माणूस, असंच आहे. अमेरिकेत निष्काळजीपणाबद्दलचं ९१.१३ हे कलम दोन भागांत आहे. पहिला भाग हवाई संचारासाठी चालवलेल्या विमानाचा, दुसरा त्याशिवायच्या कारणासाठी जमिनीवर हलवलेल्या विमानाचा. उडणार नव्हतो हा बचाव तिथे चालूच नये म्हणून ही सोय.

आणि सत्तर टन कुठले? मेंटेनन्सच्या टॅक्सीत विमान बहुतेक वेळा रिकामं असतं. ए३२० रिकामं असताना चाळीस-बेचाळीस टनांच्या आसपास. अडचण वजनाची नसून हलकेपणाची आहे. भरलेल्या विमानाला हलवायला जोर लावावा लागतो. रिकामं मात्र ब्रेक सोडला की आयडलवरच निघतं आणि वेग घेत राहतं. उडवणाऱ्या पायलटलाही रिकाम्या विमानाची सवय कमीच असते.

टॉवरमधून

रेडिओ आणि परवानगीवर मी लिहितो.

आधी दोन संज्ञा वेगळ्या ठेवा. मॅन्युव्हरिंग एरिया म्हणजे रनवे आणि टॅक्सीवे. त्यात एप्रन (विमानं उभी करायचा फरसबंद भाग) मिळवला की मूव्हमेंट एरिया. मॅन्युव्हरिंग एरियातली प्रत्येक हालचाल, मग ते विमान असो, टगने (विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरने) ओढलेलं विमान असो की गवत कापायचा ट्रॅक्टर, टॉवरच्या परवानगीनेच होते. एप्रनवर व्यवस्था विमानतळागणिक बदलते. तरी एप्रनवरही स्वतःच्या इंजिनावर हलणार असाल तर ग्राउंडला (टॉवरच्या जमिनीवरच्या हालचाली बघणाऱ्या कंट्रोलरला) सांगितल्याशिवाय बीकनसुद्धा (लाल लुकलुकता दिवा) लावू नका.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. दाबोळी म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ, तिथलं एटीसी नौदलाचं आणि नागरी भाग म्हणजे एन्क्लेव्ह, तळातला वेगळा तुकडा. मोपा नागरी विमानतळ आहे. त्यामुळे मोपाला शिकलेली पद्धत जशीच्या तशी दाबोळीला लावू नका. दाबोळीला सकाळच्या वेळेत नौदलाचं उड्डाण प्रशिक्षण चालतं. अशा वेळी केवळ रन-अपसाठी रनवे ओलांडायची विनंती केली तर थांबावं लागणार हे धरूनच चाला आणि तेवढं इंधन ठेवा. मेंटेनन्सवाले अगदी थोडं इंधन ठेवून निघतात आणि होल्डिंग पॉइंटवर (रनवेच्या आधी थांबायच्या जागी) अडकले की घड्याळ बघत बसतात.

रीडबॅक. होल्ड शॉर्ट (रनवेआधी थांबा), क्रॉस, बॅकट्रॅक (रनवेवरून उलट दिशेने जाणं), रनवेवर प्रवेश: या सूचना रनवेच्या नावासकट परत म्हणून दाखवायच्याच. 'रॉजर' म्हणजे रीडबॅक नाही. समजा ग्राउंडने सांगितलं, 'टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट ब्राव्हो, रनवे टू सिक्स'. ही परवानगी ब्राव्होच्या होल्डिंग लाइनपर्यंतच आहे. वाटेत दुसरा रनवे लागला तर तो ओलांडायची वेगळी परवानगी घ्यायची, मग तो वापरात असो वा नसो.

आणि पहिल्याच कॉलला सांगा: 'फॉर मेंटेनन्स, नॉट फॉर डिपार्चर'. हे सांगितलं नाही तर टॉवर तुम्हाला रांगेतलं विमान समजतो आणि मागच्याचा क्रम त्यावर बेततो. 'टेकऑफ' हा शब्द तुम्ही उच्चारायचाच नाही. तो फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरतात, बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. १९७७ साली तेनेरिफला धुक्यात दोन ७४७ रनवेवर धडकली आणि ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त कडक झाली.

रेडिओ बंद पडला तर टॉवरकडे बघा. जमिनीवरच्या विमानासाठी: लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सीला परवानगी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे वापरात असलेल्या लँडिंगच्या भागातून बाहेर पडा, लुकलुकता पांढरा म्हणजे जिथून निघालात तिथे परत जा. स्थिर हिरवा म्हणजे टेकऑफची परवानगी, तेव्हा तुमच्या कामाचा नाही. तो दिसला तर टॉवरचा तुमच्याबद्दल गैरसमज झालाय असं समजून जागेवर थांबा.

उजवी_सीट

होल्डिंग लाइनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जमिनीवरचे मोठे अपघात तिथेच घडले आहेत.

रनवेची होल्डिंग लाइन चार पिवळ्या रेघांची असते, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा तुमच्या बाजूला असतील तर थांबा, परवानगीशिवाय पुढे नाही. तुटक तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही रनवेवरून बाहेर येताय, थांबू नका. शेपटीसकट पूर्ण विमान अखंड रेघेच्या पलीकडे गेलं तरच 'रनवे व्हेकेटेड'. नाक बाहेर आणि शेपटी आत ठेवून इंजिनिअर चेकलिस्ट वाचत बसला की मागच्या लँडिंगवाल्याला गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर.

पाट्यांचे रंग: काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे तुम्ही आत्ता कुठे आहात. पिवळ्यावर काळं म्हणजे तो टॅक्सीवे कुठल्या दिशेला. लालवर पांढरं म्हणजे हुकूम. दिवे: टॅक्सीवेच्या मध्यरेषेचे हिरवे, कडेचे निळे. रनवेच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेच्या पिवळ्या.

होल्डिंग लाइनवरच्या स्टॉप बारचे (आडव्या रांगेचे) लाल दिवे पेटलेले असतील तर ओलांडायचे नाहीत, टॉवरने तोंडी 'क्रॉस' म्हटलं तरी. आधी विचारायचं, दिवे विझले की मग पुढे. हानेदाला २ जानेवारी २०२४ रोजी तटरक्षक दलाचं डॅश ८ परवानगी नसताना रनवेवर गेलं आणि उतरणारं ए३५० त्यावर आदळलं. तटरक्षक दलाची पाच माणसं गेली. त्या ठिकाणचे स्टॉप बार तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते आणि कंट्रोलरने क्रम सांगताना 'नंबर वन' म्हटलं होतं. क्रमांक म्हणजे परवानगी नव्हे. मिलानला लिनाटेवर २००१ मध्ये धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेवरून रनवेवर आलं, ११८ मृत्यू.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मोपाला एका प्रवासी विमानाने रनवे समजून समांतर टॅक्सीवेवरच टेकऑफ रोल सुरू केला होता. टॉवरच्या लक्षात आल्यावर तो थांबवला. असं होऊ नये म्हणून फुल पॉवर देण्याआधी, मग ती हाय-स्पीड टॅक्सी टेस्टसाठी का असेना, कंपासचं हेडिंग रनवेच्या क्रमांकाशी ताडून बघायचं. पण समांतर टॅक्सीवेवर हेडिंगही तेच येतं! म्हणून त्याच्या जोडीला खुणांचा रंग बघायचा. समोर पांढऱ्या पट्ट्या आणि रनवेचा आकडा दिसत नसेल तर तुम्ही रनवेवर नाही.

पेडणेकार

+१. मोपाच्या पठारावर पावसाळ्यात जांभ्याची लाल माती वाहून कडेच्या खुणांवर बसते, ओल्यात पिवळा रंग आणखीच फिका दिसतो. रात्री पाऊस असेल तर रेघेपेक्षा पाटी आणि दिव्यांवर भरवसा ठेवा.

फोंडेकर

वा, हवं होतं तेच मिळतंय. आता प्रत्यक्ष चालवण्याकडे येऊ. वेग किती, ब्रेक कसा, वळण कसं? ए३२० आणि सेसना १७२ दोन्हींचं सांगितलंत तर बरं.

चॉकवाला

ए३२० घेतो.

हलण्याआधी: नोज गिअरवरची स्टिअरिंग बायपास पिन काढलेली असावी, आणि काढणाऱ्याने तिची लाल पट्टी कॉकपिटकडे हात वर करून दाखवावी. ती आत राहिली तर टिलर (नाकाचं चाक वळवायचं हँडल) फिरवाल आणि नाक वळणारच नाही. ब्रेक अ‍ॅक्युम्युलेटरचा (ब्रेकसाठी दाब साठवणाऱ्या टाकीचा) दाब हिरव्या पट्ट्यात आहे का ते तीन काट्यांच्या गेजवर बघा. पूर्ण भरलेला अ‍ॅक्युम्युलेटर निदान सात पूर्ण ब्रेक देतो, पण तो भरलेला असला तर. पार्किंग ब्रेक लावून, दाब बघून, मगच चॉक (चाकांना लावलेले ठोकळे) काढायला सांगा. हा क्रम उलटा झाला की विमान स्वतःहून निघतं.

आयडलवर निघालं नाही तर थ्रस्ट थोडा वाढवा, ४० टक्के एन१ (इंजिनच्या पुढच्या पंख्याचा वेग) च्या वर जाऊ नका. हलताच परत आयडल. लगेच ब्रेक हलके दाबून बघा: वेग कमी व्हायला हवा आणि पिवळ्या (पर्यायी हायड्रॉलिक) सिस्टिमचा ब्रेक प्रेशर शून्य दाखवायला हवा. शून्य नसेल तर हिरव्या (मुख्य) सिस्टिमने ब्रेक हातात घेतलेले नाहीत. तिथेच थांबा, पुढे जाऊन बघू म्हणू नका.

वेग: सरळ रस्त्यावर ३० नॉटच्या आत, काटकोनी वळणात १० च्या आसपास. कॉकपिट उंच असल्याने वेग कमी वाटतो, म्हणून ग्राउंड स्पीडचा आकडा बघायची सवय लावा. कार्बन ब्रेक सतत हलके दाबून ठेवले की झिजतात आणि तापतात. वेग ३० पर्यंत जाऊ द्या, एकदा ठामपणे दाबून १० पर्यंत आणा, पूर्ण सोडा, पुन्हा तेच. रिकाम्या विमानात हे चक्र वारंवार येतं. ब्रेकचं तापमान ५०० अंशांच्या वर गेलं असेल तर गरज नसताना पार्किंग ब्रेक लावून ठेवू नका, चॉकवर उभं करा.

वळण: टिलरने नाकाचं चाक ७५ अंशांपर्यंत वळतं, पेडलने फक्त ६. तुमची सीट नाकाच्या चाकाच्या सुमारे पाच मीटर पुढे आहे आणि मुख्य चाकं त्या चाकाच्या साडेबारा मीटर मागे. मुख्य चाकं वळणात आतल्या बाजूने कापत येतात. म्हणून काटकोनात वळताना रेघ सीटखालून जाऊ द्या, नाक रेघेच्या पुढे जाऊ द्या आणि मगच टिलर फिरवा. सीट रेघेवर ठेवून वळलात तर आतलं चाक कडेच्या दिव्यावर जातं. वळून झाल्यावर थोडं सरळ जाऊन थांबा, चाक वाकडं ठेवून थांबलं की टायरवर आणि गिअरवर ताण राहतो.

ब्रेक गेले तर: रिव्हर्स (उलटा थ्रस्ट), पेडलवरून पाय काढा, अ‍ॅन्टी-स्किड (चाक लॉक होऊ न देणारी सोय) आणि नोज व्हील स्टिअरिंगचा स्विच ऑफ, पुन्हा पेडल दाबा पण १००० पीएसआयच्या आत. तेही चाललं नाही तर पार्किंग ब्रेक थोडा थोडा, तुटक. हा क्रम पाठच हवा, पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही. पाय काढायचं कारण: दाबलेल्या पेडलवर अ‍ॅन्टी-स्किड बंद केलं की पूर्ण दाब एकदम चाकात जातो आणि टायर फुटतात.

शंकासुर

डावीकडे एकटाच बसून हे सगळं करायचं?

चॉकवाला

एकट्याने नाही. उजव्या सीटवर दुसरा अधिकृत माणूस. तो रेडिओ आणि चार्ट सांभाळतो आणि उजवा पंख बघतो. डावीकडून उजव्या पंखाचं टोक बघायला जाऊच नका.

उजवी_सीट

सेसना १७२.

पेडलने नाकाचं चाक सुमारे १० अंश वळतं, एका बाजूचा ब्रेक दिला की ३० पर्यंत. म्हणून छोट्या जागेत वळायला आतल्या बाजूचा ब्रेक लागतो. पण एक चाक पूर्ण लॉक करून त्याच्याभोवती गरगर फिरू नका, टायरला सपाट डाग पडतो. वेग झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. निघाल्यावर पहिल्याच दोन मीटरांत ब्रेक बघा, मग बाजूच्याने त्याच्या बाजूचे बघावेत. आरपीएम ८०० ते १००० पुरतो. १२०० वर ठेवून ब्रेकने वेग धरणारे बरेच दिसतात, त्यांचे ब्रेक पॅड कुठे जातात ते हँगरवाल्यांना विचारा.

वारा ही छोट्या विमानाची खरी अडचण. जून ते सप्टेंबर गोव्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, झोत घेऊन येतो, आणि हाय-विंग (पंख वर असलेलं) विमान उभ्याउभ्या एका चाकावर तिरकं होऊ शकतं. समोरून तिरका वारा असेल तर व्हील (हातातलं कंट्रोल व्हील) वाऱ्याच्या बाजूला वळवा, म्हणजे त्या बाजूचा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर येतो आणि पंख दाबला जातो. एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती पट्टी) मधोमध. मागून तिरका वारा असेल तर व्हील वाऱ्यापासून दूर आणि पुढे ढकललेलं, म्हणजे एलरॉन आणि एलेव्हेटर दोन्ही खाली. टॅक्सीवेने दिशा बदलली की व्हीलही बदलायचं. हे टॅक्सी सुरू आहे तोवर चालू राहतं, बे मध्ये शिरेपर्यंत.

रन-अपला नाक वाऱ्याकडे. १७२एस ला १८०० आरपीएम, दोन मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारी यंत्रं) एकेक बंद करून आरपीएमची घसरण १५० च्या आत आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत. जुन्या १७२पी ला १७०० आणि १२५. कार्ब्युरेटर असलेल्या मॉडेलला आपल्या दमट हवेत आयडलवरच बर्फ धरू शकतो, बाहेर ३० अंश असले तरी. पण कार्ब हीटची (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या सोयीची) हवा फिल्टरमधून येत नाही, म्हणून धुळीच्या जागी ती जमिनीवर लावून ठेवू नका. रन-अपच्या वेळी लावून आरपीएम पडतो ते बघा आणि बंद करा.

जागा निवडताना खालची जमीन बघा. सुट्या चिऱ्यांच्या खड्यावर १८०० आरपीएम दिलात तर पंख्याची टोकं कुरतडली जातात.

वँडवाला

बे वर काम करणाऱ्यांच्या बाजूने. टॅक्सी ही कॉकपिटमधली एकट्याची गोष्ट नाही.

पंखाचं टोक: ए३२० ची पंखांची रुंदी शार्कलेटसह (वर वळलेल्या टोकांसह) ३५.८ मीटर. कोड सी च्या (ए३२० एवढ्या विमानांच्या) स्टँडवर आजूबाजूला सोडायचं किमान अंतर ४.५ मीटर, मोठ्या कोड ई ला ७.५. हे अंतर विमान रेघेवर असेल तरच मिळतं. मागे वळलेल्या पंखाचं टोक वळणात बाहेरच्या बाजूला आणखी फाकतं, ते रेघेवरून दिसत नाही. शंका असेल तर दोन्ही टोकांना माणूस मागा. मागायला लाज वाटायचं कारण नाही. दोघांपैकी कुणी दिसेनासा झाला तर थांबा.

हातवारे: डोक्याच्या वर हात एकमेकांवर आडवे म्हणजे थांबा. चॉक लावले हे सांगताना वँड (हातातल्या दिव्याच्या काठ्या) बाहेरून आत आणत एकमेकांना टेकवतात, काढले तर आतून बाहेर. मार्शलरचा (हातवारे करून विमानाला वाट दाखवणाऱ्याचा) सिग्नल आणि तुमची समजूत जुळत नसेल तर मार्शलर चुकलाय असं धरून पुढे जाऊ नका. त्याला काय दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही.

इंजिन: आयडललाही माणूस ओढला जातो. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईला पुशबॅकच्या वेळी एका तंत्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. निघण्याचा निर्णय सगळी माणसं डोळ्यांना दिसल्यावर घ्यायचा, त्यांनी 'ओके' म्हटल्याच्या आठवणीवर नाही. हेडसेटवाला केबल काढून विमानापासून दूर, नाकाच्या पुढे बाजूला उभा राहून अंगठा दाखवेपर्यंत ब्रेक सुटत नाही.

मागचा झोत विसरू नका. निघताना ४० टक्के एन१ दिला की मागच्या ट्रॉली, कोन, शिड्या हलतात. मागे गॅलरी किंवा चालती माणसं असतील तर टगने बाहेर काढा आणि मोकळ्यात नेऊन इंजिन चालू करा.

पेडणेकार

पावसातलं राहिलं. ओल्या एप्रनवर टॅक्सी करताना 'अ‍ॅक्वाप्लेनिंग' म्हणून घाबरवतात, पण गणित बघा. ढोबळ सूत्र: टायरचा दाब पीएसआयमध्ये, त्याचं वर्गमूळ, गुणिले नऊ. ए३२० चे मुख्य टायर सुमारे २०० पीएसआय, म्हणजे १२७ नॉट. १७२एस चे ४२ पीएसआय, म्हणजे ५८. दहा-वीस नॉटला टायर पाण्यावर तरंगणार नाही. घसरतो तो दुसऱ्याच कारणाने: रंगाची जाड रेघ, रनवेच्या टोकाकडे चिकटलेलं रबर, बे वर सांडलेलं तेल आणि पहिल्या पावसाचा चिकट थर. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात जपायचं. नाकाचं चाक जास्त वळवून वेगात गेलात तर ते वळत नाही, आडवं घसरत सरळ जातं. अशा वेळी टिलर आणखी फिरवायचा नाही, उलट थोडा कमी करायचा, वेग पाडायचा. चाकाला पकड आली की मग वळायचं.

टिटव्या आणि कुत्री हाही पावसाळी विषय आहे. गवत वाढलं की दोन्ही दिसत नाहीत. दिसली तर टॉवरला सांगा, हॉर्न विमानाला नसतो.

शंकासुर

हाय-स्पीड टॅक्सी टेस्ट हा प्रकार कुणी करायचा? इंजिनिअरला अधिकार असतो का?

चॉकवाला

सर्वसाधारण टॅक्सी अधिकारात ती येत नाही. रनवेवर वेगाने पळवणं म्हणजे टेकऑफ सोडून बाकी सगळं. तेव्हा क्रू पायलटांचा हवा आणि विमान उडायला तयार असल्यासारखंच तयार हवं: दरवाजे, इंधन, सीजी (गुरुत्वमध्य), फ्लाइट कंट्रोल, सगळं. सीजीचा मुद्दा विसरतात. रिकाम्या विमानात मागे वजन असेल तर नाकाच्या चाकावर भार कमी राहतो, स्टिअरिंग पकड सोडतं. थ्रस्ट देताना दोन्ही इंजिनं आधी समान पातळीवर स्थिर करा, मगच पुढे. दाबोळीला २७ डिसेंबर २०१६ ला एक ७३७ टेकऑफच्या सुरुवातीलाच रनवेबाहेर जाऊन गरकन फिरलं, त्यात इंजिनांच्या थ्रस्टमधला असमतोलच कारणीभूत होता. त्या वेळी वेग कमी असतो, रडरला जोर नसतो, आणि एक इंजिन दुसऱ्याच्या आधी वर गेलं की नाक वळलंच.

आधी ठरवा: किती नॉटला थ्रस्ट आयडल करणार, आणि थांबायला रनवे किती उरेल. तो आकडा उजव्या सीटने मोठ्याने म्हणायचा. टेस्टनंतर ब्रेक थंड होईपर्यंत थांबा. एकामागून एक तीन टेस्ट करणाऱ्यांचे फ्यूज प्लग (चाक फार तापलं की हवा सोडणारी बुचं) वितळून टायर बसतात, आणि मग टॅक्सीवे अडवून विमान तिथेच.

उभ्या उभ्या हाय पॉवर रन हा त्याचा भाऊ. तुलूझला नोव्हेंबर २००७ मध्ये नवं कोरं ए३४०-६०० इंजिन टेस्ट करताना पळत जाऊन काँक्रीटच्या भिंतीवर चढलं. चाकांना चॉक नव्हते, चारही इंजिनं मोठ्या पॉवरवर होती. पार्किंग ब्रेक लावलेला होता, तो पुरला नाही.

फोंडेकर

शेवटचा प्रश्न. हे तास लॉगबुकात धरायचे का? विम्याचं काय?

टॉवरमधून

फ्लाइट टाइमची व्याख्या: विमान टेकऑफच्या उद्देशाने पहिल्यांदा हललं तेव्हापासून उड्डाण संपवून थांबेपर्यंत. उद्देश टेकऑफचा नसेल तर तो फ्लाइट टाइम नाही. रनवेपर्यंत जाऊन परत आलात तरी नाही. पायलटच्या लॉगबुकात घालू नका.

चॉकवाला

पण टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) नोंद हवी: कशासाठी हलवलं, कुणी, किती वेळ इंजिन चाललं, काय आढळलं. एपीयूचे (शेपटीतल्या छोट्या इंजिनाचे) तास आणि स्टार्ट वेगळे मोजले जातात, ते राहून जातात. सेसनात टॅकोमीटरवरचा तास इंजिन फिरलं की वाढतोच. तपासणी त्यावर ठरत असेल तर टॅक्सीचेही मिनिटं तपासणी जवळ आणतात.

विम्यात साधारणपणे जमिनीवर उभं, टॅक्सीत आणि उड्डाणात असे वेगळे विभाग असतात. पॉलिसीत कोण चालवू शकतो याची अट असते. कंपनीचं अधिकारपत्र आणि पॉलिसीतली अट जुळते का, हे हलवण्याआधी बघा. नाव त्या यादीत नसेल तर दावा अडकतो.

वँडवाला

आणि अल्कोहोलची चाचणी ग्राउंडवाल्यांनाही असते, 'उडत नाही ना' म्हणून सूट नाही. शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट घेणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलं :)

फोंडेकर

धन्यवाद. टगने ओढताना कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसालाही हाच अधिकार लागतो का?

चॉकवाला

त्याला ब्रेक रायडर म्हणतात, त्याचं प्रशिक्षण वेगळं. इंजिन बंद असतं, पण ब्रेकचा दाब तोच सांभाळतो, बीकन लावतो, टॉवरशी बोलायचं असेल तर रेडिओ त्याच्याकडे. टग ओढत असताना ब्रेक दाबायचा नाही. दाबला तर टो-बारची (ओढायच्या दांड्याची) शिअर पिन, म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन, तुटते आणि विमान सुटं होतं. दाबायचा तो बार तुटल्यावर, किंवा टग ड्रायव्हरने हेडसेटवर सांगितल्यावरच. नोज गिअरच्या दरवाज्यावरच्या लाल रेघांपलीकडे टगने चाक वळवलं तर तपासणी झाल्याशिवाय ते विमान पुढे सोडू नका.